गुरुवारची इस्त्री

"मेन स्विच बंद केलाय ना?"

आवाज पाठीमागून आला आणि स्टुलावर उभ्या असलेल्या रेवाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर निसटता निसटता राहिला. तिनं मान वळवून पाहिलं. दारात एक उंच तरुण उभा होता. हातात हेल्मेट, शर्टावर ग्रीसचे डाग, केसांवर नुकत्याच येऊन गेलेल्या सरीचे थेंब... आणि चेहऱ्यावर खरीखुरी काळजी.

"बंद केलाय," रेवा म्हणाली. "रोज हेच काम करते मी. तुम्ही कोण?"

"मी... या घरचाच. मितेश घरत. आपलं फोनवर बोलणं झालं होतं. मी येणार नव्हतो, पण क्रेन लवकर दुरुस्त झाली."

म्हणजे फोनवरचा तो गंभीर आवाज हा होता तर! रेवानं मनातल्या मनात चाळिशीचा, टक्कल पडलेला गृहस्थ गृहीत धरला होता. ती पुन्हा मीटरच्या पेटीकडे वळली. उगाचच.

गणपती नुकतेच गेले होते. पनवेलच्या ज्या छोट्या कंपनीत रेवा चौलकर काम करायची, तिनं साठ घरांमध्ये एका नव्या यंत्राची चाचणी सुरू केली होती. यंत्र साधं होतं. मेन वायरभोवती एक चिमटा बसवायचा. घरात किती वीज चालली आहे ते तो चिमटा दर सेकंदाला मोजायचा आणि वायरीबियरीशिवाय कंपनीकडे पाठवायचा. तिथून ते मोबाइलवर दिसायचं, वरखाली होणाऱ्या एका रेषेसारखं. फ्रिजची रेषा वेगळी, पंपाची वेगळी, मिक्सरची वेगळी. सवय झाली की नुसत्या रेषेवरून घरात काय चाललंय ते सांगता यायचं. रेवाला ती सवय फार लवकर झाली होती. तिला मुळातच लोकांच्या घरात डोकावायची हौस, असं तिची धाकटी बहीण म्हणायची. रेवा त्याला कुतूहल म्हणायची.

कोन गावातलं हे घर यादीत सदतिसावं होतं.

"तुमच्या आईंना सांगितलंय ना, हे कशासाठी ते?" तिनं विचारलं.

मितेशनं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "सांगितलंय... म्हणजे, बिल कमी येईल असं सांगितलंय."

रेवा स्टुलावरून खाली उतरली.

"काय झालं?"

"मग मी नाही लावणार. तुम्ही मला फोनवर म्हणालात, आई एकटी असते, जूनमध्ये मोरीत पडली, दोन तास कुणाला कळलं नाही, म्हणून हवंय. हे त्यांना माहीत नको? त्यांच्याच घरात, त्यांच्याच पाठीमागे?"

"तिला नाही आवडणार."

"मग नाही लावायचं."

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. आधी मितेशनंच नजर खाली घेतली आणि नेमकं तेव्हाच मागच्या दारातून सत्यवतीकाकू आल्या. काटक बाई, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात वालाच्या शेंगांनी भरलेलं सूप.

"काय गो, उतारलीस का? ह्यो काय बोलला तुला?"

मग मितेशला सगळं सांगावं लागलं. अडखळत, चाचरत. काकूंनी शेंगा सोलता सोलता ऐकून घेतलं.

"म्हंजे मी पंप लावला का नाय, त्ये तुला तिकरं कलंबोलीत खोलीवर दिसनार?"

"हां, आय."

"आन् मी सीरियल बघते त्ये पन?"

"टीव्ही चालू आहे एवढं कळतं काकू," रेवा म्हणाली. "कुठली सीरियल ते नाही कळत."

काकूंना ते पटलं. "मंग लाव. पन माला शिकव आदी. माज्या घराचं माला पन कललं पायजे."

त्या दुपारी रेवानं त्यांना सगळं शिकवलं. इस्त्रीचं बटण दाबलं की मोबाइलवर रेष टुणकन वर उडी मारते, बंद केलं की खाली येते. काकूंनी बटण दाबलं, बंद केलं, पुन्हा दाबलं. चार वेळा. लहान मुलीसारख्या हसल्या. मग एकेक प्रश्न सुरू झाले. इस्त्री तशीच राहिली तर? वीस मिनिटांच्या वर चालली तर मितेशला आणि कंपनीला इशारा जातो. मग काय व्हतं? कंपनीचं माणूस घरी येऊन पाहून जातं, चाचणीचा नियमच आहे तसा. कंपनीचं माणूस कोन?

"मीच. हा सगळा भाग माझ्याकडे आहे."

"असं व्हय," काकू म्हणाल्या आणि शेंगा घेऊन आत गेल्या.

मितेश तिला स्कूटीपर्यंत सोडायला आला. "थँक यू," तो म्हणाला. "मी असा... खोटं बोलणारा माणूस नाहीये."

"माहितीये," रेवा म्हणाली.

"कसं काय?"

"खोटं बोलताना हेल्मेट या हातातून त्या हातात घेता. सराव दिसला नाही."

तो हसला. त्याच्या उजव्या गालावर एक छोटी खळी पडते हे रेवाच्या लक्षात आलं. रस्ताभर तेच लक्षात राहिलं.

पहिले काही आठवडे सदतीस नंबरची रेष अगदी शहाण्यासारखी वागली. सहा वाजता पंप. सव्वादहाला मिक्सर, एखादं मिनिट. एक वाजता टीव्ही. मितेश क्रेन दुरुस्तीच्या कामामुळे कळंबोलीत लोखंड बाजाराजवळ खोली घेऊन राहायचा. त्याची सुट्टी शुक्रवारी. तो आदल्या संध्याकाळी घरी यायचा, म्हणून काकू गुरुवारी सकाळी त्याच्या कामाच्या शर्टांना इस्त्री करायच्या. दहा-बारा मिनिटांत सगळं संपायचं.

रेवाचा सहकारी प्रदीप एकदा म्हणालाच, "साठ घरं आहेत आपल्याकडे. तुझ्या स्क्रीनवर बघावं तेव्हा सदतीस!"

"चांगला डेटा येतो त्या घराचा," रेवा म्हणाली आणि कान गरम झालेले लपवायला तिनं केस मोकळे सोडले.

दिवाळी झाली. आणि त्यानंतरच्या गुरुवारी, सव्वाअकराला, इशारा आला. इस्त्री, वीस मिनिटं.

तिचा फोन लगेच वाजला. "मितेश बोलतोय. आई फोन उचलत नाहीये. मी निघतोय, पण कळंबोलीच्या सर्कलला ट्रकांची रांग आहे—"

"मी निघालेच आहे," रेवा म्हणाली. ती खरंच जिन्यात होती.

ती पोचली तेव्हा मितेशची बाइकही फाटकाशी येत होती. दोघं जवळजवळ धावतच आत गेले. काकू ओट्याशी शांतपणे भाकऱ्या थापत होत्या. इस्त्री बंद होती, पण तापलेली होती.

"अगो बाय! इसरलीच मी," त्या म्हणाल्या. "आता आठवली नि बंद केली. आलाव तं जेवून जावा."

वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. मितेश पहिल्यांदा गप्प होता, मग हळूहळू बोलायला लागला. साठ फूट उंचीवर क्रेनच्या केबिनमध्ये बसलं की कर्नाळ्याचा सुळका कसा दिसतो ते त्यानं सांगितलं. रेवानं विचारलं, भीती नाही वाटत? तो म्हणाला, वर नाही वाटत... खाली उतरल्यावर वाटते. रेवाला ते उत्तर फार आवडलं.

पुढच्या गुरुवारी पुन्हा इशारा. पुन्हा दोघं धावले. त्याच्या पुढच्या गुरुवारी तिसऱ्यांदा. जेवताना हसणं-बोलणं वाढत होतं. रेवाला पाणी हवं असलं की तिनं मागायच्या आधी मितेशचा हात तांब्याकडे जायचा. पण हात धुवायला मागे गेला की तो आईकडे पाहत उभा राहायचा आणि त्याच्या कपाळावर आठ्या यायच्या.

चौथ्या गुरुवारी त्यानं रेवाला फाटकाशी थांबवलं.

"मला एक मदत हवीये. गेल्या दोन महिन्यांचा सगळा रेकॉर्ड छापून द्याल? डॉक्टरांना दाखवायचाय."

"डॉक्टर?"

"विसरायला लागलीये ती. आज इस्त्री, उद्या गॅस..." त्यानं मागे घराकडे पाहिलं. "पुढच्या सोमवारी दाखवतो. आणि मग तिला कळंबोलीलाच नेतो. घर बंद करू. तिला अजून सांगितलं नाहीये."

रेवाच्या मनात आलं, आईला न सांगता ठरवायची याची ही दुसरी खेप. पण त्याचे डोळे पाहून तिनं नुसती मान डोलावली.

शनिवारी सकाळी ऑफिसमध्ये ती रेकॉर्ड काढायला बसली. एकेक दिवस पुढे सरकवत, प्रत्येक उडीसमोर पेन्सिलनं लिहीत. पंप. मिक्सर. टीव्ही. मग तो पहिला गुरुवार आला आणि तिची पेन्सिल थांबली.

मिक्सर रोज एक मिनिट चालायचा. एकट्या बाईला वाटण ते कितीसं लागणार! पण त्या गुरुवारी तो तीन मिनिटं चालला होता. सकाळी दहा वाजता. इस्त्री त्याच्या जवळपास तासाभरानं सुरू झाली होती.

तिनं पुढचा गुरुवार काढला. मिक्सर तीन मिनिटं. तिसरा... तीन मिनिटं. चौथा... साडेतीन!

आणि त्याआधीच्या गुरुवारी, मितेश संध्याकाळी एकटाच जेवायला यायचा तेव्हा? दीड मिनिट.

म्हणजे तिघांचं वाटण आधी तयार व्हायचं. आणि मग इस्त्री विसरली जायची.

रेवानं आणखी बारकाईनं पाहिलं. इस्त्री दर वेळी बंद कधी झाली होती? बाइक फाटकाशी आली त्याच्या मिनिटभर आधी. एकदाही चुकलं नव्हतं. वळणावर बाइकचा आवाज यायचा आणि ओट्याशी असलेलं कुणीतरी जाऊन बटण बंद करायचं. ज्या बाईला चार आठवडे इतकं सगळं सेकंदावर लक्षात राहतं, तिला डॉक्टरची काय गरज!

ती एकटीच खुर्चीत बसून हसली. आणि मग, जसजसं लक्षात यायला लागलं की हे सगळं कशासाठी चाललं असेल, तसतसं तिचं हसू विरत गेलं आणि छातीत धडधडायला लागलं.

अर्ध्या तासानं ती कोनला पोचली. काकू अंगणात वाल निवडत होत्या. इशारा नसताना आलेली रेवा पाहून त्यांनी डोळे बारीक केले.

"काकू, मिक्सर तीन मिनिटं का चालतो हो, गुरुवारी?"

काकूंचे हात थांबले. मग पदरानं तोंड झाकून खुदकन हसल्या.

"त्यो मिक्सर पन चुगली करतो व्हय? इस्त्रीचंच ठावं व्हतं माला."

"पण का केलंत हे?"

"इकरं बस." त्यांनी रेवाला पायरीवर बसवलं. "ह्याचा बाप गेला त्याला दोन वर्सं झाली. तवापासून पोरगा येतो, जेवतो, झोपतो, जातो. इच्यारलं तं हां, नाय. बास. तू आलीस त्या दिशी, तू गेल्यावर ह्यो आर्दा तास बोलत व्हता. ती अशी बोलली, तिनं असं इच्यारलं... मी म्हनलं, ह्या पोरीला रोज तं बोलवता येत नाय. पन कंपनीचं मानूस तं येतं!"

रेवाला आतून कुणीतरी गुदगुल्या करत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं.

"त्याला नको सांगू हां," काकू म्हणाल्या. "लाजंल त्यो."

"सांगावं लागेल, काकू. त्याला वाटतंय तुम्हाला विसर पडायला लागलाय. तो... हे घर बंद करून तुम्हाला कळंबोलीला न्यायचं म्हणतोय."

काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी एकवार अंगणाकडे पाहिलं, शेवग्याकडे, मोरीजवळच्या अळूकडे.

"घाबारला आसंल पोरगा," शेवटी त्या हळूच म्हणाल्या. "त्ये मी ध्यानातच घेतलं नाय. मी आपली हसत व्हती इकरं... जा पोरी. सांग त्याला. समदं सांग."

लोखंड बाजाराच्या फाटकाशी ट्रकांची गर्दी होती. पत्रे चढवताना होणारा खणखणाट, डिझेलचा वास, उन्हात तरंगणारी धूळ. मितेश धावतच बाहेर आला.

"आईला काही...?"

"आई ठणठणीत आहे," रेवा म्हणाली. "हे बघा."

फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर, डगमगत्या बाकावर तिनं कागद पसरले. मिक्सर दाखवला. इस्त्री दाखवली. बाइकची वेळ दाखवली. तो वाकून पाहत राहिला. चहावर साय धरली.

"म्हणजे ती विसरत नाहीये," तो म्हणाला. त्यानं दोन्ही हातांनी चेहरा झाकला आणि एक लांब श्वास सोडला. मग त्यानं हात काढले. "पण मग... मुद्दाम का? मी तर तसाही संध्याकाळी येतोच."

"हो. तुम्ही येताच."

"मग?"

"तुम्ही येताच," रेवा कागदाकडे पाहत म्हणाली. "म्हणून... तुमच्यासाठी नव्हतं ते. कंपनीचं माणूस यावं म्हणून होतं."

एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. मग दुसरा. मितेशचे कान लाल होताना रेवानं चोरून पाहिले. आता तो हसेल असं तिला वाटलं. पण तो हसला नाही.

"मी एक सांगू?" तो म्हणाला. "तुम्हाला राग येईल कदाचित. इशारा आला ना, की मोरीत पडलेली आईच दिसायची डोळ्यांसमोर. खरंच. पण बाइकला किक मारेपर्यंत मनात यायचं, आता तुम्ही पण निघाला असाल. आणि... मला आनंद व्हायचा. आई तिकडे पडली असेल की काय, आणि मला आनंद होतोय! कसला मुलगा म्हणायचा हा? म्हणून म्हटलं, तिला घेऊनच जातो. हे सगळं थांबवतो एकदाचं."

रेवानं कागदावरची नजर उचलली. हा माणूस चार आठवडे भाकरीच्या पहिल्या घासाबरोबर हे गिळत होता...

"मितेश—"

"माला तू आवरतंस," तो एका दमात म्हणाला.

रेवानं डोळे मोठे केले. "काय आवरते मी?"

तो गोंधळला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो कपाळाला हात लावून हसला. गालावर खळी पडली. "आवडतेस. म्हणायचं होतं, आवडतेस. घाबरलो की गावची भाषा येते तोंडात."

"मग तसंच म्हण पुन्हा."

"काय?"

"पहिल्यासारखं."

तो म्हणाला. या वेळी हळू आवाजात. चहावाल्यानं गडबडीनं किटलीकडे तोंड फिरवलं.

"आणि तू?" मितेशनं विचारलं.

"आधी आईकडे चल," रेवा म्हणाली. "तिला एक प्रश्न विचारायचा राहिलाय तुझा."

संध्याकाळचं ऊन अंगणात तिरपं पडलं होतं. काकू पायरीवर वाटच पाहत होत्या. मितेश त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"आय, तुला कलंबोलीला यायचंय?"

"नाय."

"बरं. मग नको."

"एवरंच?"

"एवरंच."

"मंग आदी का नाय इच्यारलंस?" काकूंनी त्याच्या डोक्यात टपली मारली आणि तोच हात मग त्याच्या केसांवर ठेवला. "माजं पन चुकलं. जीव टांगनीला लावला तुजा. नाय करनार परत."

मितेशनं मान हलवली. काकू उठल्या, दोघांकडे एकदा पाहिलं आणि "दूध उतू जाईल" असं काहीतरी पुटपुटत आत गेल्या.

रेवानं मोबाइल काढला आणि मितेशकडे पाहतच नंबर लावला.

"प्रदीप, सदतीस नंबरचं घर उद्यापासून तुझ्याकडे घेशील?"

"का गं? बिघाड झाला काही?"

"नाही. मला त्या घरी आता... पाहुणी म्हणून जायचंय."

मग प्रदीप इतका मोठ्यानं हसला की मितेशलाही ऐकू आलं.

"आणि तिथं काय चाललंय ते तुला कळणार कसं आता?"

"विचारीन," रेवा म्हणाली आणि फोन ठेवला.

मितेश तिच्याकडे पाहत होता. त्याला त्याचं उत्तर मिळालं होतं. तो पायरीवर तिच्या शेजारी येऊन बसला, मधे वीतभर अंतर ठेवून. मग ते अंतरही त्यानं कमी केलं.

"विचार की मग," तो म्हणाला.

"काय?"

"काहीही."

रेवानं विचार केला. या घरात पंप किती वाजता लागतो, मिक्सर किती सेकंद फिरतो, सगळं तिला पाठ होतं. आणि शेजारी बसलेल्या या माणसाबद्दल किती थोडं ठाऊक होतं! प्रश्नांची रांगच लागली तिच्या डोक्यात. कुठून सुरुवात करावी?

"लहानपणी घरात तुला काय म्हणायचे?"

मितेश एकदम गंभीर झाला. "ते सोडून काहीही विचार."

"नाही. हेच."

"रेवा, खरंच नको..."

"बोंबील!" स्वयंपाकघरातून काकूंचा खणखणीत आवाज आला. "सुका बोंबील म्हनायचो आमी त्याला!"

मितेशनं डोळे मिटून घेतले. रेवा इतकी हसली, इतकी हसली की तोल जाऊन तिचं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. आणि मग हसणं थांबलं तरी तिनं ते तिथून उचललं नाही.